सोलापूरच्या घरात समुद्री रीफ: मोठा टँक कसा निवडावा

मोठा रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि समुद्री मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी, घ्यायचं ठरलं की बहुतेक जण टेप घेऊन हॉलची भिंत मोजतात. सहा फूट जागा निघाली की सहा फुटी टँक. सोलापुरात मात्र आकार ठरवावा तो घरातल्या पाण्याच्या साठ्यावरून, मे महिन्यातल्या दुपारवरून आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून. भिंतीचा नंबर त्यानंतर लागतो.

मोठा टँक हवा, हे अगदी खरं. पाणी जास्त असलं की तापमान, क्षार आणि घाण यांतले बदल सावकाश होतात. कोरलला सगळ्यात जास्त त्रास अचानक बदलाचाच होतो, त्यामुळे नवशिक्याला दोन फुटी टँकपेक्षा चार फुटी टँक सांभाळायला सोपा जातो. पण तो वर्षभर पोसता येईल एवढाच मोठा असावा. तो कसा काढायचा, ते एकेक करून पाहू.

पहिली पायरी: पाण्याचा हिशेब

उजनी धरणाचं पाणी आपल्याकडे रोज येत नाही. अनेक भागांत चार-पाच दिवसांआड येतं आणि उन्हाळ्यात ओढाताण वाढते. हे पाणी रीफला थेट चालतही नाही. त्यात क्लोरीन असतं, शिवाय शेवाळ वाढवणारे नायट्रेट आणि फॉस्फेटही असू शकतात. बोअरचं पाणी तर त्याहून जड. म्हणून आरओ-डीआय संच (पाण्यातले क्षार जवळजवळ पूर्ण काढणारी गाळणी) लागतो आणि तो एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. स्वयंपाकघरातला आरओ इथे उपयोगाचा नाही, कारण पाणी पिण्यासारखं लागावं म्हणून अशा बऱ्याच मशीनमध्ये थोडे क्षार परत मिसळलेले असतात. आपल्याला टीडीएस मीटरवर (तो पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो) शून्य दिसायला हवं.

आता उदाहरण म्हणून चार फूट लांब, दोन फूट रुंद, वीस इंच उंच टँक घेऊ. काचेच्या मापाने तो ३६० लिटरचा. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की ३०० च्या आसपास पाणी राहतं. खालच्या सम्पमधलं, म्हणजे स्टँडमध्ये गाळणीसाठी ठेवलेल्या दुसऱ्या टाकीतलं, ७०-८० लिटर त्यात मिळवा. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं म्हटलं तर ४० लिटर झाले. त्यावर बाष्पीभवन. आपल्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये पाण्यावर पंखा लावला तर दिवसाला आठ-दहा लिटर सहज उडतात, म्हणजे आठवड्याला ६०-७०. दोन्ही मिळून शंभरच्या वर शुद्ध पाणी आणि त्यासाठी नळाचं ४०० ते ४५० लिटर.

सहा बाय दोन बाय दोन फुटी टँक काचेच्या मापाने साधारण ६५० लिटरचा होतो. सगळे आकडे त्याच प्रमाणात वाढतात.

म्हणून टँक ठरवण्याआधी महिनाभर एक नोंद ठेवा: पाणी यायच्या आदल्या संध्याकाळी घरच्या टाकीत किती उरतं? ही नोंद शक्यतो मार्चनंतर करा, पावसाळ्यातली नोंद फसवी ठरते. आठवड्याला ४०० लिटर बाजूला निघत नसतील तर टँक लहान करा. पाणी बदलणं एखाद्या आठवड्याने पुढे ढकलता येतं, उडालेल्या पाण्याची भरपाई ढकलता येत नाही. उडतं ते नुसतं पाणी, मीठ टँकमध्येच राहतं आणि खारटपणा रोज चढत जातो. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र गटारात सोडू नका. फरशी पुसायला, संडासात, गाडी धुवायला ते उत्तम चालतं. त्यासाठी एक वेगळा ड्रम ठेवायची जागा आत्ताच ठरवा.

दुसरी पायरी: मे महिन्याची दुपार

रीफचं पाणी २५-२६ अंशांवर ठेवायचं असतं. ३० च्या वर काही दिवस राहिलं की कोरल आपल्या ऊतींमधलं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. त्याचं बरंचसं अन्न याच शैवालाकडून येतं, त्यामुळे ते उपाशी पडतं. शिवाय गरम खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून मासेही धापा टाकतात. आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो आणि वरच्या मजल्यावरचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला असतो.

यावर तीन मार्ग आहेत: पाण्यावर पंखा, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) किंवा खोलीला एसी. पंख्याला कमी लेखू नका. एक लिटर पाणी उडताना विजेच्या पाऊण युनिटापेक्षा थोडी कमी उष्णता घेऊन जातं. दिवसाला दहा लिटर उडाले तर ते अहोरात्र पावणेतीनशे वॅट उष्णता बाहेर काढल्यासारखं आहे. मुंबईच्या दमट हवेत हे जमत नाही, सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात छान जमतं. पण खोलीच ४० ला पोहोचली की एकटा पंखा पुरत नाही आणि पहिल्या पायरीतलं पाणी आणखी लागतं.

म्हणून चिलरचा खर्च टँकच्या बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा. पाव एचपीचा चिलर चारशे लिटरला चालतो असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी तो आकडा सौम्य हवेचा असतो. खोली ४० आणि पाणी २६ असा चौदा अंशांचा फरक धरून एक माप मोठं घ्या. चिलर जेवढी उष्णता पाण्यातून काढतो तेवढी, वर स्वतःची मिळवून, खोलीत सोडतो. त्याला स्टँडच्या बंद कपाटात कोंडलं तर तो स्वतःच्याच गरम हवेत गुदमरतो. शेजारी मोकळी जागा किंवा भिंतीपलीकडे बाल्कनी मिळत असेल तर ती टँकची जागा ठरवताना विचारात घ्या. दुपारी हॉलमध्ये नाहीतरी एसी चालतो, अशा घरात मी चिलरऐवजी त्याच एसीवर आधी पैसे घालीन.

पश्चिमेची भिंत टाळा. तळमजला किंवा मधला मजला मिळत असेल तर गच्चीखालची खोली नको. पूर्व भागात, जिथे शेजारी यंत्रमाग चालतात, तिथे कापसाचं तूस पाण्यावर आणि पंख्यांत साठतं. त्या बाजूची खिडकी आणि सामाईक भिंत या दोन्हींपासून टँक लांब ठेवा.

तिसरी पायरी: वजन आणि फरशी

वरचा चार फुटी टँक भरल्यावर पाणी, काच, दगड, वाळू, सम्प आणि स्टँड मिळून ६०० किलोच्या आसपास जातो. हे वजन पाऊण चौरस मीटरहूनही कमी जागेवर बसतं, म्हणजे चौरस मीटरला आठशे किलोच्या वर. भारतीय मानकाप्रमाणे राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो चल भारासाठी (माणसं, सामान यांच्या वजनासाठी) आखलेला असतो. तो आकडा सगळ्या खोलीवर पसरलेल्या भाराचा असल्यामुळे एका कोपऱ्यातला जास्त भार बीमजवळ पेलला जाऊ शकतो. पण ते अंदाजाने ठरवू नका. वरच्या मजल्यावर टँक ठेवायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला घराचा नकाशा दाखवा आणि बीम कुठे जातो ते विचारा. जुन्या पेठांतल्या माळवदाच्या घरात वरच्या मजल्यावर असा टँक ठेवूच नये.

तळमजला सुरक्षित वाटतो, पण शहाबादी फरशीखाली नुसती मातीची भर असेल तर ती एका बाजूने खचते. टँक काही मिलिमीटर जरी तिरका झाला तरी काचेच्या जोडांवर ताण येतो. फरशी ठोकून पोकळ वाजते का ते पाहा. वाजत असेल तर तेवढ्या भागात काँक्रीटचा थर टाकून घ्या.

लांबी वाढवली तर एकूण वजन वाढतं, पण पाण्याचा दर चौरस मीटरवरचा भार तेवढाच राहतो. तो वाढतो उंचीने. काचेवरचा दाबही उंचीनेच वाढतो. पुढच्या पायरीतला निर्णय त्यामुळे सोपा होतो.

चौथी पायरी: माप आणि काच

दुकानात उंच टँक डोळ्यांत भरतो. माझं ठाम मत आहे की रीफसाठी रुंदी मोठी आणि उंची बेताची घ्यावी. समोरून मागे दोन फूट रुंदी मिळाली की दगडांची रचना भिंतीला न टेकता करता येते, मागून पाणी वाहतं आणि घाण साठत नाही. उंची वीस इंचांवर ठेवली तर खांद्यापर्यंत हात घालून तळ गाठता येतो. पडलेलं कोरल उचलायला हे दर आठवड्याला लागतं. दिव्याचा उजेडही तळापर्यंत पोहोचतो आणि कमी वॅटचा एलईडी पुरतो, म्हणजे पाण्यात उष्णता कमी. षटकोनी, गोल पोटाचे आणि उभे टँक सोडून द्या. सर्जनफिशसारखे सतत पोहणारे मासे हवे असतील तर सहा फूट लांबी लागतेच. क्लाऊनफिश, गोबी, डॅमसेल यांना चार फूट भरपूर.

या उंचीला १२ मिमी काच घ्या. समोरची काच कमी लोहाची, म्हणजे दुकानदार ज्याला अल्ट्रा क्लिअर म्हणतात ती, घेतली तर हिरवी झाक जाते. बाकीच्या साध्या चालतील. ओव्हरफ्लोची, म्हणजे वरचं पाणी सम्पमध्ये उतरवणारी, भोकं पाडायची असतील तर ती काच टफन (तापवून कडक) केलेली नाही ना हे आधी विचारा, कारण टफन काचेला ड्रिल लावलं की तिचा चुरा होतो. भोकं किमान दोन हवीत: एक नेहमीच्या वाहण्यासाठी, दुसरं पहिलं तुंबलं तर वाचवण्यासाठी. जोडांच्या सिलिकॉनमध्ये बुडबुडे किंवा तुटक रेघा दिसल्या तर टँक घेऊ नका. घरापर्यंत आणण्याआधी जिना, वळण आणि दाराची चौकट मोजा.

स्टँडसाठी दोन इंची चौकोनी लोखंडी पाईप आणि त्यावर इपॉक्सी किंवा पावडर कोटिंग. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे साध्या रंगाखालून लोखंड खातात. पार्टिकल बोर्ड नको, तो फुगतो. सपाट तळाच्या टँकखाली फोमचा थर द्या. ज्याचा तळ फ्रेमवर अधांतरी असतो त्याखाली फोम घालायचा नसतो. स्टँडची आतली उंची सम्प आणि स्किमरच्या (फेसातून घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राच्या) मापाने ठरवा, स्किमरचा कप वर काढायला जागा उरली पाहिजे.

पाचवी पायरी: वीज जाईल तेव्हा

वीज गेली की सम्पमधलं पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप थांबतो आणि टँकमधलं वरच्या थराचं पाणी सम्पमध्ये उतरतं. चार बाय दोन फुटी टँकमध्ये एक इंच पातळी म्हणजे साधारण १८ लिटर, त्यात पाईपमधलं वेगळं. एवढं पाणी सामावेल इतकी जागा सम्पमध्ये कायम रिकामी ठेवावी लागते, म्हणून सम्प स्टँडमध्ये मावेल तेवढा मोठा घ्या.

इन्व्हर्टरवर वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलतं ठेवणारा पंप) आणि रिटर्न पंप ठेवा. दोन्ही डीसी मोटरचे असले तर मिळून साठ-सत्तर वॅटमध्ये भागतं आणि १५० एएचची बॅटरी रात्र काढू शकते. चिलर त्यावर चालणार नाही. हलतं पाणी मात्र प्राणवायू टिकवतं आणि तीनशे-चारशे लिटर पाणी तापायला वेळ घेतं, भर दुपारी बंद खोलीत तासाला साधारण अर्धा अंश. मोठ्या टँकचा हा सोलापुरातला सगळ्यात मोठा फायदा. सगळी जोडणी ३० मिलिअँपच्या आरसीसीबीमागेच (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचमागेच) करा आणि प्रत्येक वायर बोर्डापेक्षा खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत जात नाही.

सहावी पायरी: आत काय ठेवणार?

हे टँक घेण्याआधी ठरवा, कारण इथे कायदा लागू होतो. आपल्या समुद्रातली खडक बांधणारी दगडी प्रवाळं, काळं प्रवाळ, सी फॅन, समुद्रघोडे ही सगळी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. मन्नारच्या आखातातून किंवा अंदमानातून फोडून आणलेला लाइव्ह रॉक (जिवाणू आणि बारीक जीव बसलेला समुद्रातला दगड) हाही मुळात प्रवाळाचा सांगाडाच असतो. विक्रेता कितीही खात्री देवो, असा माल घरात आणू नका. मालवणच्या पाण्यात डोकं घालून ज्याने ही प्रवाळं जिवंत पाहिली आहेत त्याला याचं कारण वेगळं सांगावं लागत नाही. कृत्रिम किंवा सिरॅमिक दगड वापरा. त्यावर जिवाणू बसायला वेळ लागतो, पण ते बसतात. मशरूम, झोअँथिड, लेदरसारखी मऊ कोरलं बिल आणि कागद पाहून घ्या. परदेशी दगडी कोरल कोणी देऊ केलं तर आयातीची कागदपत्रं मागा आणि नोंदणीबद्दल वन विभागाकडे विचारा. क्लाऊनफिशचं प्रजनन आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने यशस्वी केलं आहे. तेव्हा टँकमध्ये जन्मलेले मासेच मागा, ते बंद टँकला लवकर सरावतात.

शेवटची पायरी: चाचणी आणि महिना

टँक जागेवर बसला की आधी साधं पाणी भरा आणि आठवडाभर तसाच ठेवा. रोज कोरड्या कागदाने जोड पुसून पाहा, स्पिरिट लेव्हल लावा. पंप चालू करून मेन स्विच बंद करा आणि सम्प ओसंडतो का ते तीन-चार वेळा तपासा. मग ओव्हरफ्लोचं मुख्य भोक हाताने बंद करून दुसरं पाणी ओढतं का ते बघा. हे पाणी नंतर घरात वापरून टाका, म्हणजे चाचणी टाळायला कारण उरत नाही. त्यानंतर आरओचं पाणी आणि रीफचं मीठ, लिटरला साधारण ३५ ते ४० ग्रॅम, खारटपणा मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर विशिष्ट गुरुत्व १.०२५ येईपर्यंत. पहिल्या भरणीला पंधरा किलोच्या आसपास मीठ लागेल.

हे सगळं दिवाळीनंतर सुरू करा. नोव्हेंबरात मीठ पडलं तर घाण पचवणाऱ्या जिवाणूंचं चक्र बसायला थंडीचे चार-सहा आठवडे मिळतात. तेव्हा रात्री पाणी गार होतं म्हणून हीटर लागेल. जानेवारीत गड्ड्याची यात्रा आटोपली की पहिले दोन मासे, मग महाशिवरात्रीच्या सुमाराला एखादं मशरूम. चिलर मार्च लागण्याआधी जोडून, २६ अंशांवर लावून, दोन आठवडे चालवून बघा.