लॅबचं पिल्लू आणायला निघण्याआधी काय काय बघायचं

माझ्या मावसबहिणीला लॅब्रेडॉर घ्यायचाय, मुलं दोन वर्षं मागे लागलीयेत, आणि परवा फोनवर म्हणाली ताई तू आणलंस तेव्हा काय काय बघितलंस ते एकदा लिहून पाठव ना. लिहायला बसले आणि एवढं झालं. तिच्यासाठी लिहिलंय, पण नाशकात ज्यांना कुणाला जातिवंत पिल्लू घ्यायचंय त्या सगळ्यांनी वाचावं असं मनापासून वाटतं, कारण सहा वर्षांपूर्वी आम्ही यातलं काहीच बघितलं नव्हतं. द्वारका चौकाच्या पुढे हायवेला एक माणूस गाडी घेऊन आला, मागच्या सीटवर टोमॅटोचं कॅरेट, त्यात पेपर अंथरून पिल्लू ठेवलेलं, पाच मिनिटांत पैसे दिले आणि घरी आलो. तिसऱ्या दिवशी त्याने खाणं सोडलं, चौथ्या दिवशी उलट्या आणि रक्ताचे जुलाब, डॉक्टरांनी किट टेस्ट केली तर पार्वो, म्हणजे पिल्लांच्या आतड्याचा जीवघेणा विषाणूचा आजार, निघाला आणि सहाव्या दिवशी पहाटे माझ्या मांडीवर गेलं ते. चिकू नाव ठेवलं होतं. पार्वोची लागण झाली की लक्षणं दिसायला साधारण 3 ते 7 दिवस लागतात, म्हणजे ते आजार घेऊनच आलं असणार, हे नंतर कळलं. त्या माणसाचा फोन परत कधी लागला नाही.

तर पहिली गोष्ट घरात बसून करायची. जात ठरवताना फोटो बघून ठरवू नका, आपलं घर आणि आपला उन्हाळा बघून ठरवा. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा 40 च्या आसपास जातो, अशा हवेत हस्की किंवा सेंट बर्नार्ड ठेवणं म्हणजे त्या जिवाचे हाल आहेत, कितीही हौस असली तरी नकोच. पगला श्वासाचा त्रास असतो, चपटं नाक म्हणून गोड दिसतो पण उन्हात धापा टाकतो. लॅब आपल्याकडे रुळतो, पण त्याला रोज पळायला लागतं आणि तो खादाड असतो, वजन वाढलं की सांधे जातात, हे घरातल्या आजीला आधीच समजावून ठेवा कारण पोळीचे तुकडे तिथूनच सुरू होतात. सोसायटीतल्या कमिटीशीही आधी बोलून घ्या. सोसायटीला कुत्रा पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही, तरी शेजाऱ्यांना आधी सांगितलेलं बरं.

मग फोन. फोनवरच अर्ध्या लोकांची गाळणी होते. "डबल बोन", "हेवी बोन", "शो क्वालिटी" असं सुरू झालं की सावध व्हा. डबल बोन नावाचं काही नसतंच, कुत्र्याला हाडं तेवढीच असतात, जाडजूड दिसणारं पिल्लू जास्त पैशाला विकायचा तो शब्द आहे. "आज बुकिंग करा, दोनच राहिलेत" म्हणणाऱ्याला नमस्कार. कुरिअरने पिल्लू पाठवतो, आधी टोकन टाका म्हणणाऱ्याला तर एक रुपयासुद्धा देऊ नका. तुम्ही दोनच प्रश्न विचारा, पिल्लं किती दिवसांची आहेत आणि मी येऊन आईसोबत बघू शकते का. 2017 साली केंद्र सरकारने कुत्र्यांच्या ब्रीडिंगचे नियम काढलेत, त्यात 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही असं स्पष्ट आहे, ब्रीडरची, म्हणजे पिल्लांची पैदास करून विकणाऱ्याची, नोंदणी राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे लागते, मादी 18 महिन्यांची झाल्याशिवाय मेटिंग करायचं नाही, वर्षात एकच वेत आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त नाही. तरी बाजारात 35-40 दिवसांची पिल्लं सर्रास देतात, कारण तेव्हा ती टेडीसारखी दिसतात आणि ब्रीडरचा खाण्याचा खर्च वाचतो. पण त्या मधल्या आठवड्यांत पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून किती जोरात चावायचं आणि कुठे थांबायचं ते शिकत असतं. लवकर तोडलेलं पिल्लू पुढे घरभर चावत सुटतं आणि मग लोक त्यालाच बोल लावतात.

चांगला ब्रीडर उलट तुम्हालाच प्रश्न विचारतो. आम्हाला दुसऱ्या वेळी ज्यांच्याकडून पिल्लू मिळालं त्या काकांनी अर्धा तास माझी मुलाखतच घेतली, दिवसा घरी कोण असतं, फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे, बाहेरगावी गेल्यावर कुठे ठेवणार, आधी कुत्रा होता का आणि त्याचं काय झालं. पार्वोने गेलं म्हटल्यावर ते थांबलेच. घर कशाने धुतलं विचारलं, मी म्हटलं फिनेल. ते म्हणाले, "ताई, फिनेलने पार्वो मरत नाही, ब्लीच लागतं, एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, आणि ते दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, तो विषाणू वर्ष वर्ष घरात नाहीतर मातीत टिकतो." विकायच्या आधी असं सांगणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला आणि तिथेच माझं ठरलं.

बघायला जाताना एका दिवशी एकाच ठिकाणी जा. सकाळी नाशिकरोडला आणि दुपारी मखमलाबादला असं करू नका, तुमच्या चपलेला लागून आजार एका घरातून दुसऱ्या घरात जातो. ब्रीडरने चपला बाहेर काढायला लावल्या, हात धुवायला लावले, पिल्लांना लांबूनच बघा म्हणाला तर रागावू नका, तो त्याची पिल्लं जपतोय. पण आईच दाखवत नसेल, ती फार्मवर आहे, ती चावते, ती आज डॉक्टरकडे नेलीये, तर सरळ परत फिरा, पेट्रोल गेलं तर गेलं.

आई नीट बघा. सगळ्यात जास्त वेळ तिच्यापाशी घालवा. तिचे सड लोंबलेले असायला हवेत, पिल्लं तिला बघून धावत जायला हवीत, नाहीतर भलतीच मादी आणून उभी करणारेही आहेत. बाळंतपणानंतर तिचे केस झडलेले असतात, थोडी वाळलेली दिसते, त्याला घाबरायचं कारण नाही, पण डोळे निस्तेज, कातडीवर चट्टे, कानामागे गोचीड असं असेल तर पिल्लांचंही तेच होणार. आणि तिचा स्वभाव बघा. अनोळखी माणूस आल्यावर थोडी भुंकेल, मग वास घेऊन शांत होईल, हे ठीक. कोपऱ्यात थरथरत बसणारी किंवा अंगावर येणारी मादी असेल तर विचार करा, कारण स्वभाव बराचसा तिथूनच येतो. आमची हनी ज्या मादीची, तिने माझा हात हुंगला आणि माझ्या पायावर मान टाकून झोपली, पोटाशी सात पिल्लं लोंबत असताना! बाप बहुतेक वेळा तिथे नसतो, स्टड, म्हणजे मेटिंगसाठीचा नर, पुण्या-मुंबईचा असू शकतो, त्यात काही चूक नाही, फक्त त्याचे पेपर आणि रिपोर्ट मागा.

रिपोर्ट म्हणजे खुब्याचा एक्स-रे. लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड, या जातींत खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा आजार आनुवंशिक असतो, हिप डिस्प्लेशिया म्हणतात त्याला, दीड-दोन वर्षांच्या कुत्र्याला जिना चढवत नाही. पिल्लाकडे बघून ते कळत नाही, म्हणून आईबापाचे एक्स-रे लागतात, तेही ते वर्षाचे झाल्यानंतर काढलेले. डोळ्यांच्या आजाराची डीएनए टेस्टही असते. हे सगळं करणारे ब्रीडर कमी आहेत, पण विचारल्यावर समोरचा काय उत्तर देतो त्यावरून खूप कळतं. "माझ्या कुत्र्यांना असलं काही नसतं" हे उत्तर मला चालत नाही.

पिल्लू हातात घ्याल तेव्हा हिरड्या गुलाबी हव्यात, डोळ्यात चिपडं नको, कानाला आंबूस वास नको, शेपटीखालची जागा कोरडी आणि स्वच्छ हवी. बाकी अंग बारीक आणि पोट नगाऱ्यासारखं असेल तर जंत समजा. बेंबीपाशी बोट फिरवून मऊ गाठ लागते का बघा, ती हर्निया असू शकते. चालताना मागचे पाय बघा. खेळताना सगळ्यांना तुडवत येणारं पिल्लू लोकांना आवडतं आणि कोपऱ्यात बसलेल्याची दया येते, पण लहान मुलांच्या घरात मधलं घ्या, जे येतं, वास घेतं, उचललं की थोडं वळवळतं आणि मग निवांत होतं. किल्ल्यांचा जुडगा बाजूला टाकून बघा, दचकलं तरी चालेल, परत येऊन हुंगलं पाहिजे.

आता कार्ड. लसीच्या बाटलीवरचं लेबल काढून कार्डावर चिकटवतात, त्यावर बॅच नंबर आणि एक्सपायरी असते, शेजारी डॉक्टरांची सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर. चिकूच्या कार्डावर लेबलच नव्हतं, तीन तारखा एकाच पेनने, एकाच हाताने ओळीने लिहिलेल्या होत्या, ते कार्ड मी अजून ठेवलंय. पहिला डोस 6 ते 8 आठवड्यांत, मग 3-4 आठवड्यांच्या अंतराने 16 आठवड्यांपर्यंत, रेबीज साधारण तीन महिन्यांनी. त्यामुळे 40 दिवसांच्या पिल्लाचे "दोन डोस झालेत" म्हणणारा खोटं तरी बोलतोय नाहीतर लस वाया घालवतोय, कारण तेवढ्या लहानपणी आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्तीच लसीला काम करू देत नाही. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी दिलेलं असावं.

पेपर म्हणजे चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचं सर्टिफिकेट, त्यात आईबाप, आजी-आजोबा यांची नावं असतात आणि कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा 15 आकडी नंबर. डॉक्टरांकडे स्कॅनर असेल तर तो पिल्लाच्या मानेवर फिरवून नंबर जुळवून घ्या. आईबापाच्या जागी "अननोन" लिहिलं असेल तर तो कागद वंशावळ सांगत नाही. आणि एक मात्र लक्षात ठेवा, पेपर म्हणजे तब्येतीची हमी नव्हे, आजारी कुत्र्यालाही पेपर मिळतो. साध्या कागदावर लिहून घ्या की 8-10 दिवसांत पार्वो किंवा डिस्टेंपर (हाही विषाणूचा जीवघेणा आजार) निघाला तर काय करायचं. चांगला माणूस नाही म्हणत नाही.

घरची तयारी आधीच करा. व्हिट्रिफाइड फरशीवर पिल्लाचे पाय घसरतात आणि खुब्यावर ताण येतो, म्हणून हॉलमध्ये जुनी चटई, गोणपाट काहीतरी टाका. आणि हे नाशिककरांनी नीट ऐका, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विष आहेत, किडनी जाते, किती खाल्ल्यावर जाते याचा भरवसा नाही. कांदाही नको, कच्चा नाही, भाजीतलाही नाही, रक्तातल्या लाल पेशी मरतात. आपल्याकडे सीझनला घराघरात द्राक्षांच्या पेट्या जमिनीवर पडलेल्या असतात, त्या ओट्यावर ठेवायची सवय लावा. पिल्लू दिवाळीच्या आठवड्यात आणू नका, फटाक्यांची भीती त्या वयात बसली की जात नाही. महापालिकेचा परवाना रेबीजच्या इंजेक्शननंतर काढून टाका.

आणायला जाल त्या दिवशी सकाळचं निघा, त्याला तासभर आधी खायला देऊ नका म्हणून सांगा, नाहीतर गाडीत उलटी होते. ते तिथे जे खातंय तेच पंधरा दिवस चालू ठेवा, बदल हळूहळू. दोन दिवसांत आपल्या डॉक्टरांना दाखवा, पण दवाखान्यात जमिनीवर सोडू नका, मांडीवरच ठेवा. डोस पूर्ण होईपर्यंत पार्किंगमध्ये किंवा जॉगिंग ट्रॅकवर खाली उतरवायचं नाही, कडेवर घेऊन मात्र रोज फिरवा, रिक्षा, शाळेची मुलं, देवळातली घंटा, सगळं ऐकू दे.

आणि जाताना एक जुना टॉवेल घेऊन जा. काकांनी आमचा टॉवेल चार दिवस आधीच मागून घेतला होता आणि आईच्या अंथरुणात ठेवला होता. पहिल्या रात्री हनी दोन वाजता रडायला लागली तेव्हा तो तिच्या नाकापाशी ठेवला, खोक्याशेजारी मी गादी टाकून झोपले, हात आत सोडून. तिने टॉवेलात तोंड खुपसलं आणि सकाळी सहापर्यंत उठली नाही.