मेटिक्युलस आणि फॅस्टिडियस: यादीतली ती ओळ खोडा

सोलापुरातल्या अभ्यासिकांत हातोहात फिरणाऱ्या समानार्थी शब्दांच्या झेरॉक्समध्ये हे दोन शब्द एकाच ओळीत असतात आणि पुढे एकच अर्थ लिहिलेला असतो, काटेकोर. ती ओळ खोडा. सुट्या शब्दाचा प्रश्न तेवढ्यावर निभावेल, पण गाळलेल्या जागेत हमखास फसाल. स्टाफ सिलेक्शनच्या पदवीधर परीक्षेत पहिल्या टप्प्यात इंग्रजीचा प्रश्न 2 गुणांचा असतो आणि चुकला तर वर अर्धा गुण कापला जातो.

घाबरू मात्र नका, हा फरक मराठीत तुम्हाला आधीच येतो. मेटिक्युलस म्हणजे काटेकोर, फॅस्टिडियस म्हणजे चोखंदळ.

जेकार्ड मागावर चादरीची नक्षी पुठ्ठ्याच्या कार्डांवरची भोकं ठरवतात. भोक असेल तिथे ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. एक भोक चुकलं की नक्षी जितक्या वेळा येईल तितक्या वेळा तीच चूक उमटते. म्हणून कार्ड पाडणारा एकेक भोक ताडून बघतो. तो मेटिक्युलस. दुकानात चाळीस चादरी उलगडायला लावून ‘लाल जरा भडकच आहे’ म्हणत उठणारं गिऱ्हाईक फॅस्टिडियस. एकाचं लक्ष काम चुकू नये याकडे, दुसऱ्याचं मनाला पटतंय का याकडे.

लॅटिन मुळंही हेच सांगतात. ‘मेटुस’ म्हणजे भीती, ‘फास्तिदियुम’ म्हणजे किळस, वीट. एकोणिसाव्या शतकात मेटिक्युलसमध्येही ‘नको तितका जपणारा’ असा टोमणा होता, आज ती बहुतेक वेळा शाबासकी असते. फॅस्टिडियसमध्ये नाक मुरडणं अजून शिल्लक आहे.

सूक्ष्मजीवशास्त्रवाल्यांना तर हा शब्द रोजचा. हिमोफिलस इन्फ्लुएन्झी हा जिवाणू साध्या पोषक अगारवर (जिवाणू वाढवायच्या जेलीवर) वाढत नाही, त्याला तापवलेल्या रक्ताचं चॉकलेट अगार लागतं. अशा जिवाणूंना फॅस्टिडियस म्हणतात. मेटिक्युलस कुणी म्हणत नाही, कारण जिवाणू काम तपासत बसत नाही, त्याचं खाण्यापिण्याचं अडतं.

खरा घोटाळा स्वच्छतेच्या वाक्यात होतो, कारण तिथे व्याकरणाने दोन्ही शब्द बसतात. अशा वेळी शब्दाकडे बघत बसू नका, शेजार बघा. नियोजन, नोंदी, संशोधन अशी नामं पुढे आली की मेटिक्युलस. जेवण, कपडे, सोबत यांबद्दल ‘अबाउट’ लावून बोललंय किंवा ‘याला काही पसंतच पडत नाही’ असा सूर आहे, तर फॅस्टिडियस. विरुद्धार्थीही वेगळे: पहिल्याचा केअरलेस, दुसऱ्याचा ईझीगोइंग. पेडॅन्टिक म्हणजे नियमांचा कीस काढणारा, त्याला या जोडीत आणूच नका.

पाचशे शब्द एका रात्रीत पाठ करून देतो म्हणणाऱ्या सरांच्या नादी लागू नका. रोज पाचच शब्द घ्या, वहीत तीन रकाने आखा: शब्द, त्याच्यासोबत येणारं नाम, विरुद्धार्थी. मधला रकाना रिकामा राहिला, तर तो शब्द अजून आलेला नाही.