ऑफिसात कोणाला ‘तू’, कोणाला ‘तुम्ही’ आणि पत्रात काय?

कामाच्या ठिकाणी नवा माणूस भेटला की ‘तुम्ही’ धरा. समोर 22 वर्षांचा ट्रेनी असो, गेटवरचा वॉचमन असो की कुरिअरवाला. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कधीही येता येतं, ‘तू’वरून परत ‘तुम्ही’वर गेलात की भांडण झालं असाच अर्थ निघतो.

‘तू’चा पुढाकार वयाने किंवा पदाने मोठ्याने घ्यायचा: “अहो-जाहो नको, नावानेच हाक मार.” साहेब तुम्हाला ‘तू’ म्हणाले म्हणून तुम्हालाही ती मुभा मिळाली असं होत नाही.

एक गोष्ट हमखास चुकते. आपल्याच ज्युनिअरशी एरवी कितीही अरे-तुरे असलं, तरी गिऱ्हाइकासमोर त्याला ‘तुम्ही’ म्हणा. “अरे सचिन, ते ड्रॉइंग आण” असं तुम्ही म्हणालात की थोड्या वेळात गिऱ्हाईकही त्याला ‘अरे’ म्हणायला लागतं. मग महिन्याभराने त्याच सचिनने थकलेल्या बिलासाठी फोन केला की त्याला कोणी मोजत नाही. “सचिन, ते ड्रॉइंग दाखवता का?” एवढ्यावर काम भागतं.

समोरच्याचं वय-पद कळत नसेल तर सर्वनामच गाळा. “चहा घेणार?”, “कधी निघायचं?”, “कुठून येणं झालं?” यांत तू-तुम्ही येतच नाही. तेवढ्यात समोरचा आपल्याला काय म्हणतो ते कळतं. फार ताणू नका, बोलणं अवघडतं.

माघारी बोलतानाही बहुवचन हवं. साहेबांच्या बाबतीत ‘आले’ आपोआप येतं, बाईमाणूस बॉस असली की मात्र जीभ घसरते. फोनवर “ती मीटिंगमध्ये आहे” नव्हे, “मॅडम मीटिंगमध्ये आहेत.”

हाक मारताना आडनावाला साहेब किंवा मॅडम जोडलं की पुरे. नुसतं आडनाव बरोबरीच्यांत चालतं, तेही ‘तुम्ही’सकट: “कुलकर्णी, जेवलात का?” ज्युनिअरने सीनिअरला अशी हाक मारायची नसते. बाजारात शेठ, भाऊ, दादा, ताई आहेतच. ‘काका’ मात्र जपून. चाळिशीतल्या दुकानदाराला ते लागतं आणि भावही कमी होत नाही. मालवणी किंवा कोकणी वळणाचा माणूस पहिल्या भेटीत ‘तू’ म्हणाला तर तो उद्धटपणा समजू नका. तुम्ही ‘तुम्ही’च म्हणा.

पत्रात आणि ईमेलमध्ये ‘आपण’ शोभतं, पण ते दुधारी आहे. “आपण अजून बिल पाठवलेले नाही” यातले ‘आपण’ म्हणजे ते, की आपण सगळे? पैशांचा मामला असेल तर असा घोळ परवडत नाही. “आपल्या कार्यालयाकडून बिल मिळालेले नाही” किंवा “आम्ही बिल पाठवलेले नाही” असं स्पष्ट लिहा. आणि एकदा ‘आपण’ धरलं की शेवटपर्यंत तेच. “आपण याल तेव्हा तुमची फाइल आणा” ही खिचडी वाचणाऱ्याला लगेच दिसते.

बाईंच्या नावामागे काय लावायचं, हा नाजूक भाग. ‘सौ.’ने लग्नाची चौकशी होते आणि ‘श्रीमती’ काही घरांत अजून विधवेसाठीच समजतात. त्या स्वतः सही कशी करतात ते जुन्या पत्रात बघा. सापडलं नाही तर सरळ पूर्ण नाव आणि खाली पद. ‘डॉ.’ असेल तिथे ‘श्री.’ नको, आणि स्वतःच्या नावामागे ‘श्री.’ तर कधीच नको. अनोळखी माणसाला मायना ‘महोदय’ किंवा ‘महोदया’, शेवटी ‘आपला विश्वासू’ किंवा ‘आपली विश्वासू’. ‘स.न.वि.वि.’ (सप्रेम नमस्कार विनंती विशेष) ओळखीच्यांसाठी ठेवा. त्यात ‘सप्रेम’ आहे, वसुलीच्या पत्राला ते शोभत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर सर्वनामापेक्षा क्रियापद बोलतं. “कोटेशन पाठवा” हा हुकूम वाटतो, “पाठवाल का?” ही विनंती होते, आणि “पाठवावे, ही विनंती” म्हणजे थेट लेटरहेड. रोजच्या माणसाला मधलं बरं. तातडी असेल तर वेळही घाला: “आज 4 पर्यंत पाठवाल का?”