युटात शिकायला येणाऱ्यांसाठी: पत्ता, पोळं आणि सीगल

युटाला एमएस करायला येणाऱ्या मुलामुलींना विद्यापीठाची क्रमवारी तोंडपाठ असते. राज्याबद्दल विचारलं, तर 'मॉर्मन लोकांचं राज्य' (मॉर्मन हा एक ख्रिस्ती पंथ) यापुढे गाडी जात नाही. निदान इथले पत्ते तरी समजून घेऊन या.

राजधानी सॉल्ट लेक सिटीच्या पत्त्यांचा शून्य टेंपल स्क्वेअर या मॉर्मन मंदिराच्या आवारापाशी आहे. घर 400 साउथ आणि 700 ईस्टच्या नाक्यावर असेल, तर तिथून चार ब्लॉक दक्षिणेला आणि सात ब्लॉक पूर्वेला. बोलताना मात्र लोक 'फोर्थ साउथ', 'सेव्हन्थ ईस्ट' म्हणतात. दिशा चुकली तर डोंगर शोधा. वॉसाचची उंच रांग पूर्वेला आहे. एक सावधगिरी: इथला ब्लॉक मोठा असतो. घरमालकाने 'फक्त चार ब्लॉक' सांगितलं, की एक किलोमीटर धरून चाला. युटा विद्यापीठ पूर्वेच्या चढावर आहे, तेव्हा ट्रॅक्स या शहरी रेल्वेची रेड लाइन जिथून जवळ पडेल तिथे घर घ्यावं, असं माझं मत.

मग दिसू लागतं मधमाश्यांचं पोळं. हायवेच्या नंबराच्या पाटीवर पोळं, 2024 पासून फडकणाऱ्या नव्या झेंड्यावरही पोळं. राज्याचं ब्रीद आहे 'इंडस्ट्री', इथे त्याचा अर्थ कारखाने नव्हे, मेहनत; पोळं हे तिचंच चिन्ह. 24 जुलै 1847 ला मॉर्मन नेते ब्रिगहॅम यंग आणि त्यांचे अनुयायी या कोरड्या खोऱ्यात उतरले आणि पाट काढून शेती करू लागले. त्यांना आपलं वेगळं राज्य हवं होतं. पण वॉशिंग्टनने बरीच वर्षं ताटकळत ठेवलं. बहुपत्नीत्व हा मोठा अडथळा होता. 1890 मध्ये मॉर्मन चर्चने ते सोडल्याचं जाहीर केलं आणि 4 जानेवारी 1896 ला युटा 45 वं राज्य झालं. 24 जुलैला अजूनही राज्यभर सुट्टी असते, त्या दिवशी बँकेची किंवा सरकारी कामं काढू नका. रविवारीही बरीच दुकानं बंद असतात.

समुद्र नसलेल्या या राज्याचा पक्षी सीगल, तोही कॅलिफोर्नियाच्या नावाचा! 1848 मध्ये उभ्या पिकावर किड्यांची धाड आली आणि सीगलच्या थव्यांनी ते किडे फस्त केले, अशी कथा आहे. गोष्ट सांगता सांगता थोडी फुगली असावी, पण टेंपल स्क्वेअरमध्ये या पक्ष्यांचं स्मारक आहे. राज्यफूल सेगो लिली. टंचाईत लोकांनी तिचे कंद खाऊन दिवस काढले. जेलो, म्हणजे थरथरणारी गोड जेली, हा राज्याचा अधिकृत खाऊ आहे, त्यावर मी काही बोलत नाही.

कॉम्प्युटर ग्राफिक्स शिकायला येणाऱ्यांचं दैवत वेगळंच. मार्टिन न्यूएल यांनी 1975 मध्ये इथे बनवलेलं चहाच्या किटलीचं त्रिमितीय मॉडेल जगभर 'युटा टीपॉट' म्हणून वापरलं जातं. 1969 मध्ये इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटच्या पहिल्या चार केंद्रांतही हे विद्यापीठ होतं.

हिवाळ्याचं मात्र माहितीपत्रकात कुणी छापत नाही. थंड हवा खोऱ्यात अडकते, वर गरम हवेचं झाकण बसतं आणि धूर खालीच कोंडतो. याला इथे 'इन्व्हर्जन' म्हणतात. दमा असेल तर इनहेलर आणि डॉक्टरांची चिठ्ठी भारतातूनच आणा. शहर सुमारे 1,300 मीटर उंचीवर आणि हवा कोरडी, त्यामुळे सुरुवातीला दम लागतो, ओठ फुटतात. पाण्याची बाटली आणि व्हॅसलीन दप्तरात असू द्या.