‘आता मी बरा आहे’ हे मोठ्यानं कसं वाचावं

अभिवाचनाला ‘गुन्हा आणि शिक्षा’ घ्यायची म्हटलं की सगळ्यांचा हात आधी खुनाच्या पानांकडे जातो. तुम्ही तिसऱ्या भागाचं तिसरं प्रकरण घ्या. दोस्तोयेव्हस्कीच्या या १८६६ च्या कादंबरीत रक्ताचा थेंबही न दाखवता एवढा काटा आणणारं दुसरं प्रकरण मला सापडलेलं नाही. नायक रास्कोल्निकोव्हच्या हातून खून होऊन गेलाय, तो तापात बरळून उठलाय, आणि तीन वर्षांनी भेटलेली आई नि बहीण सकाळी त्याच्या खोलीवर आल्यात. डॉक्टर झोसिमोव्ह त्यांना बघताच सांगतो, बरा आहे, अगदी बरा आहे. आता त्या दोघींसमोर रास्कोल्निकोव्हला बरं दिसायचंय.

बेळगावातल्या शहापुरात आमच्या घरी पावसाळ्यात दर शनिवारी पाच-सहा जण वाचायला बसतो. कौलांवर पाऊस जोरात असला तर थांबतो, कारण हे प्रकरण हळू आवाजाचं आहे. रास्कोल्निकोव्ह वाचायला खानापूरकडचा एक पोरगा होता, उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला, रूम करून राहणारा. पहिल्या खेपेला त्यानं आवाज कापरा केला, शब्द अडखळवले. हा काहीतरी लपवतोय हे पहिल्याच ओळीला कळलं. मग समोर बसलेली आई खुळी वाटायला लागली आणि सगळं तिथंच बसलं.

म्हणून त्याचा अपराध वाचायचाच नाही, बरेपण वाचायचं. तो अंग धुऊन, केस विंचरून, नीट कपडे करून बसलाय. बोलतो थोडं, तेही उरकल्यासारखं. हाताला फडकं बांधलं असतं तर गळू ठणकणारा माणूसच वाटला असता, असं लेखक लिहितो. ही खूण धरून ठेवा. गळू झालेला माणूस चारचौघांत कण्हत नाही, फक्त हात कुठं लागू देत नाही. तसं वाचा: गोड, पण जरा आखडून.

मी त्या पोराला विचारलं, “आईचा फोन आला की काय सांगतोस रे?”

“काय सांगणार काकू? जेवलो की. बरा हाय की.”

“आणि जेवलेला असतोस?”

तो गप्प बसला. त्याच आवाजात वाच म्हटलं. दुसऱ्या खेपेला घरात पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

आईचं वाचन थोराड बाईकडे द्या. पुढे ती त्याच्या खोलीला थडगं म्हणते. ते वाक्य जड करू नका. मुलाच्या खोलीत उजेड नाही, हवा नाही, अशी कुठलीही आई कुरकुरते तसंच आलं पाहिजे.

सगळ्यात जास्त वेळ एका जागेला द्या. आपल्याला सगळं निवांत बोलायला वेळ मिळेल, असं तो आईला समजावतो, आणि बोलता बोलता पांढरा पडतो. आता आपण कुणाशीच, कशाबद्दलच मोकळं बोलू शकणार नाही, हे त्याला त्याच क्षणी उमगतं. त्याचं सगळ्यात मायेचं वाक्यच सगळ्यात मोठं खोटं निघतं. ते पूर्ण प्रेमानं वाचा, शेवटी आवाज पाडू नका. मग मनात पाचपर्यंत मोजा. पुस्तक खाली ठेवा, उठा, दाराकडे दोन पावलं चाला. त्याचा मित्र राझुमिखिन वाचणाऱ्यानं तुमचा दंड धरून थांबवायचं. आम्ही हे आधी नुसतं वाचलं होतं, पण उठल्याशिवाय ते पोचत नाही.

परत बसल्यावर तो, गप्प का बसलात, बोला की, असं ओरडतो. आई देवाचे आभार मानून छातीवर क्रॉसची खूण करते. कालच्यासारखं पुन्हा होतंय की काय, अशी तिला भीती वाटलेली असते. हे भरभर जाऊ द्या. काय झालं, असं बहीण दुन्या विचारते, आणि काही नाही, एक आठवलं, म्हणत तो एकदम हसतो. हसणं लहान ठेवा.

दुन्याचा विश्वास बसलेला नाही. तिचं वाचन करणारीनं तो प्रश्न पाठच करून यावा, म्हणजे विचारताना पुस्तकातून मान वर काढून थेट त्याच्याकडे बघता येईल.