आधी रविवार ठरवा, मग तिकीट काढा

तीन मुलं, सासूबाई आणि आम्ही दोघं, अशी आमची वरात वडगाव शेरीहून बॅगा घेऊन निघाली की सोसायटीचे वॉचमनकाका हमखास विचारतात, "काय ताई, गोव्याला का?" ख्रिस्ती म्हणजे गोव्याचे, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. माझं माहेर श्रीरामपूर तालुक्यातलं, उसाच्या फडातलं. नवऱ्याच्या घराला पुण्यात तीन पिढ्या झाल्या. गोव्याला आम्ही पाहुणेच. पण हे समजावत बसलं तर गाडी चुकायची, म्हणून मी "हो काका" म्हणते आणि रिक्षात बसते.

थोरली ११ वर्षांची, मधला ७ चा, धाकटा सव्वातीनचा. एवढं लटांबर घेऊन जाता कशा, असं शाळेच्या गेटवर बायका विचारतात. आजवर जे जमलं ते इथे लिहितेय, आणि जिथे फजिती झाली तेही.

पहिलं काम म्हणजे रविवार ठरवणं. कॅथलिक घरात रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, ही सोयीने करायची गोष्ट नाही, त्यामुळे सहलीत रविवार येत असेल तर तो कुठे उजाडणार हे तिकिटाच्या आधी ठरतं. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते, हे पुष्कळांना माहीत नसतं. त्यामुळे रविवारी सकाळची गाडी असेल तर आम्ही शनिवारीच मोकळे होतो. आजारपण असेल, किंवा आसपास कुठे चर्चच नसेल, तर दोष लागत नाही. पण "हॉटेलचा नाश्ता दहापर्यंत होता" हे कारण त्यात बसत नाही, असं आमच्या सासूबाईंचं मत आहे आणि त्यावर अपील नाही.

वेळ मात्र इंटरनेटवर बघून ठरवू नका. घाटावरच्या एका थंड हवेच्या ठिकाणी आम्ही मोबाइलवर बघितलेल्या वेळेच्या भरवशावर साडेनऊला नटूनथटून चर्चमध्ये पोचलो, तर मिस्सा आठलाच झालेली. आत एक मावशी झाडू मारत होत्या. मधला मोठ्याने म्हणाला, "देव घरी गेला का?" मावशींनी झाडू टेकवून त्याला जवळ बोलावलं, आम्हाला बाकावर बसवलं, आणि आम्ही त्या दिवसाची बायबलमधली वाचनं मोबाइलवरच वाचून काढली. तेव्हापासून मी तिथल्या चर्चच्या ऑफिसात फोन करते आणि चार गोष्टी विचारते: मिस्सा किती वाजता, कोणत्या भाषेत, दर रविवारी असते की महिन्यातून एखाद्याच, आणि त्या आठवड्यात गावचा सण वगैरे आहे का. सणाला सगळ्या वेळा बदलतात.

आणखी एक. मिस्सेत ख्रिस्तप्रसाद, म्हणजे पवित्र भाकर घ्यायची तर त्याआधी एक तास काही खायचं नसतं. पाणी आणि औषध चालतं. सकाळची मिस्सा आणि हॉटेलचा पोटभर नाश्ता यांची टक्कर इथे होते. थोरलीची पहिली कम्युनियन झाल्यापासून, म्हणजे तीही ख्रिस्तप्रसाद घ्यायला लागल्यापासून, मी खोलीत केळी ठेवते. सहाला उठून ज्याला खायचं त्याने खावं, नाहीतर मिस्सा संपेपर्यंत गप्प बसावं.

आता तिकीट. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी सुरू व्हायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर उलटं मोजून त्या तारखेला लाल गोल करते. ५ च्या आतल्या मुलाला तिकीट नाही आणि बर्थही नाही. ५ ते १२ च्या मुलाला स्लीपरला बर्थ नको असेल तर अर्धं तिकीट, बर्थ हवा तर पूर्ण. रात्रीच्या प्रवासात इथे पैसे वाचवू नका. मी एकदा वाचवले होते. धाकटा आणि मधला एका बर्थवर, मी त्यांच्या पायथ्याशी बसलेली, आणि मिरजेपर्यंत कोणाचा गुडघा कोणाच्या नाकात हेच सोडवत होते. सासूबाईंचं तिकीट मात्र वेगळं काढा. ज्येष्ठांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, तो तिकिटावर एक-दोनच प्रवासी असतील तर मिळतो. सगळ्यांची नावं एकत्र घातली की आजी थेट वरच्या बर्थवर, आणि मग डब्यात विनवण्या करत फिरा.

स्टेशनला जायला आम्ही रामवाडीहून मेट्रो धरतो, ती थेट पुणे स्टेशनला सोडते. नगर रोडच्या गर्दीत रिक्षात बसून जीव टांगणीला लावण्यापेक्षा दोन जिने चढलेले बरे. मात्र मेट्रो सकाळी सहाला सुरू होते, तेव्हा पहाटेच्या गाडीला रिक्षा आदल्या रात्रीच सांगून ठेवावी लागते.

डब्याबद्दल मी जरा जास्तच लिहीन, कारण प्रवासातली निम्मी भांडणं भुकेची असतात. आमच्याकडे दशम्या. कणीक पाण्यात नाही, दुधात भिजवायची, चिमूटभर मीठ, तेलाचं मोहन, आणि गोड हव्या असतील तर दुधात आधी गूळ विरघळवून घ्यायचा. पीठ पोळीपेक्षा घट्ट. जरा जाडसर लाटून मंद आचेवर तूप सोडून भाजायच्या आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायच्या नाहीत, नाहीतर वाफेने ओलसर होऊन दुसऱ्या दिवशी वास मारतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, लसणाची वेगळ्या डबीत. शुक्रवार असेल तर मटण-चिकन बाद, मासे चालतात. उपवासकाळात म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत आमच्या घरी हा शुक्रवार कडक असतो. मांसाहार टाळायचा नियम खरं तर १४ वर्षांपुढच्यांना. पण ताटाताटांत भेद केला की पोरं कायदा बोलायला लागतात, म्हणून सगळ्यांना पिठलं.

लांबच्या प्रवासाआधी सराव हवा, आणि तो पुण्यातच होतो. पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, संध्याकाळच्या मिस्सेनंतर चर्च रात्री उशिरापर्यंत उघडी असतात, लोक एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये प्रार्थनेला जातात. आम्ही मुलांना घेऊन तीन करतो: क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च, कॅम्पातलं सेंट झेवियर्स आणि एम्प्रेस गार्डनजवळचं सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल. सिटी चर्च १७९२ चं, पेशव्यांच्या फौजेत ख्रिस्ती शिपाई होते त्यांच्यासाठी उभं राहिलेलं. हे सांगितलं की "तुम्ही पुण्याचे कधीपासून?" असं विचारणाऱ्यांची बोलती जरा बंद होते. एका संध्याकाळी तीन ठिकाणी चढउतार करताना कोण कुठे कंटाळतो, कोणाला कधी शू लागते, धाकटा किती वेळ चालतो, सगळं कळतं. चर्चमध्ये लहान मुलांना घेऊन मागे बसू नका, पुढे बसा. मागे त्यांना फक्त लोकांच्या पाठी दिसतात, मग ती बाकाखाली शिरतात. पुढे मेणबत्त्या, घंटा, फादरांचा झगा, बघायला काहीतरी असतं. वेफर्सचं पाकीट मात्र पर्समध्ये नको. शांत प्रार्थनेत ते पाकीट किती वाजतं, ते ज्याच्यावर बेतलंय त्यालाच माहीत.

श्रीरामपूरजवळच्या हरेगावची मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा म्हणजे माझं माहेरपण. ८ सप्टेंबर हा पवित्र मरियेचा जन्मदिवस, त्याच्या आसपास यात्रा भरते, त्याआधी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, चालतो. नगर, नाशिक, मराठवाड्यातून माणसं येतात, कित्येक पायी. रेल्वेने जायचं तर दौंड-मनमाड मार्गावर उतरायचं स्टेशन 'बेलापूर'. श्रीरामपूरच्या स्टेशनचं नाव हेच आहे, नवी मुंबईच्या बेलापूरशी त्याचा काही संबंध नाही. माझ्या जावेने पहिल्या वर्षी तिकीट काढताना चांगला अर्धा तास घोळ घातला होता. तिथून हरेगावला रिक्षा, जीप मिळतात.

लहान मूल असेल तर मुख्य दिवशी जाऊ नका. हे मी माहेरची असून सांगते. नोव्हेनाच्या एखाद्या साध्या दिवशी संध्याकाळी जा. गर्दी बेताची असते, बायका टाळ-ढोलकीवर भक्तिगीतं म्हणत बसलेल्या असतात, आणि मुलाला मेणबत्ती स्वतःच्या हाताने लावता येते. सप्टेंबरमध्ये तिकडे पाऊस असतो आणि माती काळी, चिकट. पांढरे बूट घरी ठेवा, पट्ट्याची चप्पल घाला.

दोन वर्षांपूर्वी मी स्वतःच हे ऐकलं नाही. मुख्य दिवशी गेलो आणि मधला हरवला. पाऊण तास. त्याच्या मनगटावर मी पेनाने फोन नंबर लिहिला होता, तो घामाने पुसून गेला होता. शेवटी लाउडस्पीकरवरून ऐकू आलं, "निळा शर्ट, आईचं नाव विचारलं तर मम्मी सांगतो." फुगेवाल्याजवळ एका आजींनी त्याला मांडीवर घेऊन कणीस दिलं होतं. मी रडत होते, तो खात होता. आता मी जखमेची चिकटपट्टी घेते, तिच्यावर मार्करने नंबर लिहिते आणि दंडाच्या आतल्या बाजूला चिकटवते. ती पावसातही निघत नाही. आणि तिन्ही मुलांकडून आईचं पूर्ण नाव पाठ करून घेतलंय.

गोव्याला आम्ही गोवा एक्सप्रेसने जातो. पुण्याहून संध्याकाळी निघाली की पहाटे मडगाव, त्यामुळे जाताना दूधसागर झोपेत जातो. येताना गाडी दुपारी निघते आणि तो उजेडात दिसतो, म्हणून खिडकीसाठीची मारामारी परतीला राखून ठेवा. वेळा बदलतात, निघण्याआधी एकदा बघून घ्याच. जाताना रात्री दिवे मालवायच्या आधी आम्ही जपमाळ म्हणतो. पंधरा-वीस मिनिटं लागतात, हळू आवाजात, शेजाऱ्यांना त्रास न होईल अशी. एकदा समोरच्या बर्थवर मिरजेला लेकीकडे निघालेल्या एक माळकरी आजी होत्या. आमचं संपेपर्यंत गप्प बसल्या, मग थोरलीला म्हणाल्या, "तुझ्या माळंत मणी किती गं?" तिने बोटांनी मोजून सांगितलं, ५९. "आमच्यात १०८," म्हणत त्यांनी पिशवीतली तुळशीची माळ काढून तिच्या हातात मोजायला दिली. सातारा येईपर्यंत दोघींचं मोजणं चाललं होतं, दर वेळी एखादा मणी कमी पडायचा.

जुन्या गोव्यात बॉम जेझुस बॅसिलिकात संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आहेत. दहा वर्षांतून एकदा ते लोकांना जवळून दर्शनासाठी खाली आणतात. गेलं दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ होतं, समोरच्या से कॅथेड्रलमध्ये. आम्ही गेलो तेव्हा धाकटा कडेवर होता. दीड तास रांग, आणि नेमका पेटीसमोर आल्यावर झोपला. पुढच्या वेळी थोरली कॉलेजात असेल. एरवी जायचं तर ३ डिसेंबरचा त्यांचा सण टाळून आधी किंवा नंतर जा, खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला, आणि सकाळी लवकर पोचा, पर्यटकांच्या बसेस यायच्या आत. मडगावला उतरलात तर जवळच राशोल गाव आहे. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण, मराठी ओव्यांमधलं, १६१६ साली तिथेच छापलं गेलं. थोरलीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे गोव्यात आपण अगदीच पाहुणे नाही." वॉचमनकाकांना हे सांगायचं राहिलंय.

परतीची गाडी पुण्यात पहाटे चारच्या सुमाराला पोचते, आणि खरी परीक्षा तीच. अर्धवट झोपेतली तीन मुलं, सहा बॅगा, आणि स्टेशनवर थांबायला वेळ थोडा. एक तास आधीचा गजर लावा, दोन मोबाइलवर. रात्री झोपतानाच सगळ्यांचे बूट एका कापडी पिशवीत भरून ती खालच्या बर्थच्या पायाला बांधा. त्या दिवशी मुलांना शाळेत पाठवायचा हट्ट धरू नका. पोचल्यावर लागेल तेवढी डाळ-तांदळाची पुडी निघण्याआधीच ओट्यावर काढून ठेवलेली असावी, म्हणजे खिचडी डोळे मिटूनही लागते.

बुटांची पिशवी मी मागच्या वर्षीपासून बांधते. त्याआधीच्या फेरीत मधल्याचा डावा बूट गाडीतच राहिला आणि थेट दिल्लीला, निजामुद्दीन स्टेशनला गेला. उजवा अजून बाल्कनीत आहे. सासूबाईंनी त्यात पुदिना लावलाय.