बाबांचं बीपी, एमआरआयमधले पांढरे डाग आणि आमची वही

बीपीचं मशीन हल्ली घरोघरी असतं, कपाटाच्या वरच्या खणात, सेल संपलेलं. आमचंही तसंच होतं. बाबांना बीपी पंधरा वर्षं आणि गोळी चालू आहे ना मग झालं, असं आम्ही सगळेच धरून चाललेलो. मागच्या वर्षी लालबागच्या मार्केटात ते पडले, खड्डा नाही काही नाही, नुसतं पाऊल उचललं गेलं नाही म्हणून. मेंदूचा एमआरआय काढला तर रिपोर्टमधे 'क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस' (बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कमी पोचल्याच्या जुन्या खुणा), आईने पहिला प्रश्न विचारला, म्हणजे गाठ का?

गाठ नाही. चाळीत राहिलेल्यांना हे पटकन कळेल. रस्त्यावरची मेन लाइन ठणठणीत, तळमजल्याला पाणी धो धो, आणि तिसऱ्या मजल्यावर शेवटच्या खोलीत करंगळीएवढी धार, कारण मधला अर्ध्या इंची पाइप आतून गंजून बुजत आलाय. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा १५ ते २० टक्के वाटा तो एकटाच घेतो, आणि खोलवरच्या भागाला ते रक्त केसासारख्या बारीक नळ्यांतून पोचतं. बीपी वर्षानुवर्षं जास्त राहिलं की या नळ्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात, शुगर आणि तंबाखू असेल तर अजून लवकर. मग त्या टोकाला जे वायरिंग आहे, मेंदूच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला नेणारं, ते उपाशी राहतं, तेच एमआरआयवर पांढरं दिसतं.

रिपोर्टमधे 'फाझेकास' असा शब्द आणि पुढे ० ते ३ आकडा असेल तर तो या पांढरेपणाचा. साठीनंतर १ खूप जणांचा येतो, त्यावरून रात्रभर गूगल करत बसू नका. २-३ असेल, किंवा 'लॅक्युन' (छोटासा जुना स्ट्रोक, कधी कधी कुणाच्या लक्षातही न आलेला) किंवा 'मायक्रोब्लीड' (मेंदूत झालेला अगदी बारीकसा रक्तस्राव) लिहिलं असेल तर न्यूरोवाल्यांना दाखवाच. पांढरे डाग म्हणजे डिमेन्शिया (आठवण आणि विचारशक्ती ढासळण्याचा आजार) झाला असं नाही, पण धोका वाढतो, आणि डाग पुसता येत नसले तरी वाढायचा वेग कमी करता येतो.

आमची खरी चूक दुसरीच झाली. आम्ही विसरभोळेपणाची वाट बघत होतो. बाबांना गिरणी संपाची तारीख अजून पाठ, १८ जानेवारी १९८२, त्या दिवशी डब्यात काय भाजी होती तेही सांगतात, मग म्हातारपणाचं वेड कसलं! अल्झायमरमधे बहुतेकदा आत्ताआत्ताच्या गोष्टी आधी पुसल्या जातात, पण रक्तवाहिन्यांचं दुखणं वेगळ्याच दारातून येतं. माणूस स्लो होतो. प्रश्न विचारला की उत्तर येतं, बरोबर येतं, पण तोपर्यंत तुम्ही दुसरा प्रश्न विचारून मोकळे. लाइट बिल भरणं, दोन ठिकाणची कामं एका फेरीत उरकणं, असं क्रम लावायचं काम जमेनासं होतं. पावलं छोटी आणि जमिनीला चिकटल्यासारखी, लघवीची घाई, आणि कट्ट्यावर जायचा कंटाळा. बाबा सहा महिने कट्ट्यावर गेले नव्हते आणि आम्ही म्हणत होतो, वय झालं. घरच्या घरी एक गोष्ट बघा, सोबत चालताना काहीतरी साधं विचारा, उत्तर द्यायला ते थांबतात का? थांबत असतील तर हा काही निदानाचा पुरावा नाही पण डॉक्टरांना सांगण्यासारखं नक्की आहे. आणि सत्तरीपुढे हे आणि अल्झायमर दोन्ही एकत्र असणं खूप कॉमन आहे, त्यामुळे लेबल चिकटवायचं काम आपलं नाही.

आता बीपी, कारण हातात असलेलं सगळ्यात मोठं हत्यार हेच आणि बऱ्याच घरांत ते चुकीचं मोजलं जातं. आमच्याकडे बाबा तीन जिने चढून आले की लगेच पट्टा बांधायचा, वर आई शेजारी उभी राहून सांगणार की बघा आता वाढलेलंच असणार. असं नाही. मशीन दंडावर बांधायचं घ्या, मनगटाचं नको, आणि पट्टा दंडाच्या मापाचा. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, जिना बंद. लघवी करून यायचं, पाठ टेकून खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर आणि एकावर एक नको, हात टेबलावर छातीच्या लेव्हलला, शर्टावरून पट्टा बांधायचा नाही, आणि मोजताना बोलायचं नाही (टीव्ही पण बंद, सिरियलमधे सासू ओरडली की आमच्या आईचं बीपी वाढतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय). एक मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री, सलग सात दिवस. सगळं वहीत, आवडलेला आकडा तेवढाच नाही. पहिला दिवस सोडून सरासरी काढा, घरी मोजलेलं १३५/८५ किंवा त्याच्यावर जात असेल तर वही घेऊन डॉक्टरकडे जा. वयस्कर माणसाचं उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी पण मोजा, वरचा आकडा २० किंवा जास्त पडत असेल तर तेही लिहा, कारण तोल जाऊन पडणं हा वेगळाच घोर.

वहीमुळे आमच्याकडे दोन गोष्टी उघड झाल्या. दवाखान्यात दुपारी १३० यायचं ते घरी सकाळी १६० च्या आसपास. आणि बाबा गोळी एक दिवसाआड घेत होते, बरं वाटतंय ना म्हणून! पंधरा वर्षांतली किती वर्षं तसं चाललं होतं देव जाणे.

किती खाली आणायचं यावर वाद घालू नका. अमेरिकेतल्या स्प्रिंट माइंड अभ्यासात, २०१९ साली निकाल आला, पन्नाशीपुढच्या नऊ हजारांवर लोकांमधे वरचं बीपी १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवायचा प्रयत्न केला तेव्हा विचारशक्ती थोडी घसरण्याचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी झालं, डिमेन्शिया स्वतः कमी झाला असं मात्र ठामपणे म्हणता आलं नाही, आणि डायबेटिस किंवा आधी स्ट्रोक झालेले लोक त्यात घेतलेच नव्हते. म्हणून तुमच्या बाबांचा आकडा डॉक्टर ठरवणार, तुम्ही एक गोळी वाढवायची नाही, फोनवर मामा सांगणार म्हणून तर नाहीच.

बाकीचं पटपट. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक चहाचा चमचा, त्यात लोणचं, पापड, फरसाण, सुकट सगळं आलं. मिश्री ही तंबाखूच आहे, आजीला 'दात घासायची पावडर' म्हणून सूट देऊ नका. शुगर आणि कोलेस्टेरॉल तपासा, बी१२ आणि थायरॉइड पण, कारण ते कमी असलं तरी डोकं मंद चालतं आणि ते सुधारण्यासारखं असतं. नाडी वेडीवाकडी लागते का बघून घ्या. घोरताना श्वास अडकत असेल तर सांगा. कानाचं मशीन लाज न वाटता लावा. चालणं रोज, फुटपाथवर जमत नाही हे मान्य, मग गच्चीवर किंवा मैदानात, शक्यतो कुणाच्या तरी सोबत.

काय करू नका ते. अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने नाही, मायक्रोब्लीड असतील तर उलटं पडू शकतं. 'मेमरी टॉनिक'वर महिन्याचे हजार रुपये घालवू नका, जिंकगोवर (अशा टॉनिकमधला एका झाडाच्या पानांचा अर्क) तीन हजारांवर वृद्धांचा मोठा अभ्यास झाला, २००८ साली निकाल आला, डिमेन्शिया टळला नाही. केमिस्टकडून झोपेची किंवा सर्दीची गोळी डॉक्टरला न विचारता आणू नका, त्यातल्या काही म्हाताऱ्या माणसाला पार गोंधळवून टाकतात.

आणि अचानक जे होतं ते वेगळं, तो स्ट्रोक असू शकतो. तोंड वाकडं, एक हात खाली पडतो, बोलणं जड, तर घड्याळ बघा आणि निघा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि आधी सीटी स्कॅन लागतो. आमच्या शेजारच्या काकांना जवळच्या नर्सिंग होममधे नेलं, तिथे सीटीच नव्हता, दोन तास सलाइनवर गेले. म्हणून आज शांतपणे शोधून ठेवा की तुमच्या घराजवळ चोवीस तास सीटी आणि स्ट्रोकची ट्रीटमेंट कुठे आहे, परळवाल्यांना केईएम, पण ट्रॅफिक धरून हिशोब करा. १०८ फोनमधे सेव्ह. बोटांना सुई टोचणं, पाणी पाजणं, कांदा हुंगवणं काही नको. दहा मिनिटांत सगळं बरं झालं तरी जायचंच. एक-दोन दिवसांत माणूस एकदम बरळायला लागला तर तो डिमेन्शिया वाढला असं समजू नका, लघवीचं इन्फेक्शन किंवा सोडियम कमी होणं असं काहीतरी असू शकतं, त्याच दिवशी दाखवा.

ओपीडीला जाताना एका पिशवीत बीपीची वही, सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स (चुरगळलेल्या पण), एमआरआयची फिल्म आणि सीडी, आणि एका कागदावर कधीपासून काय बदललं ते. डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो, तो कागद आधी त्यांच्या हातात द्या. आणि बाबांसमोर त्यांच्याबद्दल तिसऱ्या माणसासारखं बोलू नका, त्यांना ऐकू येतं.

घरात बदल एवढाच केला, एका वेळी एकच गोष्ट विचारायची आणि मनात दहा अंक मोजायचे. आईला हे सगळ्यात जड गेलं, ती आयुष्यभर एका वाक्यात चार प्रश्न विचारत आली. परवा तिने पोहे की उपमा विचारलं आणि हात कमरेवर ठेवून उभी राहिली, मी मोजत होतो, सात, आठ, नऊ, आणि बाबा म्हणाले, "काल उपमाच होता ना?"